छताला गोधड्या, खुर्च्यांना मोजे

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू बांधलेली शाळा सुरू होऊन दोन महिने झाले आणि आमच्या मुंगीच्या नावाची पहिली चिठ्ठी घरी आली. तिचे आईबाप बोटीवर नोकरीला. बोट फेब्रुवारीशिवाय किनाऱ्याला लागत नाही, त्यामुळे नातीच्या चिठ्ठ्या आजीनंच उघडायच्या. चिठ्ठीत वर्गाच्या बाईंनी लिहिलं आहे: "पाल्याचं वर्गात लक्ष नसतं. श्रुतलेखनात दहापैकी सात वाक्यं कोरी. कान तपासून घ्यावेत."

आता तूच सांग, या मुलीच्या कानाला काय झालंय? मी स्वयंपाकघरात श्वास रोखून साखरेच्या डब्याचं झाकण उघडते आणि ही अंगणातून विचारते, "आजी, काय खातेस?" मी देवापुढे पुटपुटते ते तिला पुढच्या खोलीत ऐकू येतं, आणि मी एखादी ओळ गाळली की तिथून दुरुस्तीही होते.

मी हेडबाईंना भेटून आले. बाई गोड आहेत, पण गोड बोलून कडू सांगतात. म्हणाल्या, सात ऑक्टोबरच्या परीक्षेतही असंच झालं तर मुलीला तिसरीतून परत दुसरीत बसवावं लागेल, तिच्याच भल्यासाठी. मी घरी येऊन मुंगीला सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. माळ्यावरून दुसरीचं जुनं पुस्तक काढून द्यायला सांगितलं. "आधीच वाचून ठेवते," म्हणाली. मला तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

शाळा तुझी, म्हणजे तू बांधलेली. म्हणूनच तर मुलीला तिथे घातली. वर्गात काही कमीजास्त आहे का, एवढं कळव. ह्यांचा तुला नमस्कार. तू छतावर एवढी माया खर्च केलीस, थोडी खाली मुलांसाठी ठेवली होतीस का, असं विचारायला त्यांनी सांगितलं आहे. मी विचारत नाही.

तुझी ताई

•

११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आपण फोनवर बोलत नाही तेच बरं. इथल्या फोनवर आवाज फार फाटतो. पत्रात कसं, सगळं स्वच्छ.

वर्गात कमीजास्त काही नाही. ताई, तो वर्ग मी माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला वर्ग काढला आहे. अठरा फुटांवर कमानीचं छत, मागे घासून आरशासारखी केलेली दगडी भिंत, बागेच्या बाजूला अखंड काच, खाली एकसंध फरशी. भिंतीवर एक खिळा नाही. पारितोषिक समितीनं अंतिम फेरीत तीन इमारती निवडल्या, त्यात ही आहे. बारा ऑक्टोबरला समिती बघायला येणार. त्या दिवशी रविवार आहे हे उत्तम. मुलं नसताना तो वर्ग फार सुंदर दिसतो.

आवाजाचं म्हणशील तर ती परीक्षा मी स्वतः केली आहे. बांधकाम झालं त्या दिवशी रिकाम्या वर्गात बाई उभ्या राहतात तिथे उभा राहिलो आणि एकोणतीसचा पाढा म्हटला. काय आवाज भरून आला म्हणून सांगू. मला इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच ऐकू येत नाही.

तेव्हा बाई म्हणतात तसे मुंगीचे कान दाखवून घे. मुलीची काळजी मलाही आहे. भावोजींना सांग, खालच्या मुलांसाठी काचेतून बाग ठेवली आहे.

तुझा धाकटा

•

२० ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कान दाखवून आणले. डॉक्टरांकडे एक कपाटाएवढी खोली आहे, आतून सगळीकडून मऊ गादी लावलेली. दार लावलं की आपलाच श्वास आपल्याला परक्याचा वाटतो. मुंगीला आत बसवून कानाला यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं. ती अशी दाबत सुटली की डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आजी, हिला ऐकू येत नाही असं कोण म्हणतं? हिला भिंतीपलीकडचं घड्याळ ऐकू येतंय."

आलोच आहोत तर म्हणून ह्यांचेही कान तपासून घेतले. दोन्ही कान उत्तम निघाले. चाळीस वर्षं मी मनाची समजूत घालत होते की ह्यांना कमी ऐकू येत असावं. आता तोही आधार गेला. 

डॉक्टरांचा कागद हेडबाईंना नेऊन दाखवला. मला वाटलं, सुटले. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, परत दिला आणि म्हणाल्या, "म्हणजे कानाचा प्रश्नच नाही. मग हा सरळसरळ हट्टीपणा." कान वाईट असते तर निदान मुलीची कीव तरी आली असती. चांगले निघाले म्हणून ती आता हट्टी ठरली.

मुंगीला विचारलं, बाई सांगतात ते का लिहीत नाहीस? म्हणाली, "जेवढं ऐकू येतं तेवढं लिहिते. बाकी कोरं सोडते." बाकीची मुलं लिहितात ना? "लिहितात." मग त्यांना कसं ऐकू येतं? ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. काहीतरी आहे. ही मुलगी चहाडी करणार नाही, माझीच शिकवण. तेव्हा मीच बघायचं ठरवलं आहे. तिसरीच्या मुलांना दर बुधवारी विणकाम फुकट शिकवते असं हेडबाईंना सांगितलं. फुकट म्हटल्यावर त्या हसल्या आणि हो म्हणाल्या.

तुझी ताई

•

२६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तू माझ्या वर्गाची झडती घ्यायला निघालीस, म्हणून एक आठवण करून देतो. चार वर्षांपूर्वी मला हे काम मिळालं तेव्हा मी तुला विचारलं होतं, कुठल्या जागेत तुझं मन सर्वांत शांत होतं? तुझं उत्तर अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. उतरवून देतो:

"टेकडीवरच्या देवळात. गाभाऱ्यात उभं राहून एक शब्द उच्चारला तरी तो वर जातो, घुमतो आणि डोक्यावर हात ठेवल्यासारखा परत येतो. शाळाही अशीच असावी. मुलांना वाटेल देवच शिकवतोय."

ताई, मी तुझ्या त्या पत्राकडे बघून छत काढलं. गाभाऱ्याची मापं घ्यायला दोनदा टेकडी चढलो. कमान तिथलीच, दगड तिथलाच. समितीला पाठवलेल्या माहितीत मी लिहिलं आहे की ही कल्पना माझ्या थोरल्या बहिणीची.

तेव्हा नावं ठेवायची तर बेतानं ठेव. स्वतःच्याच लेकराला ठेवते आहेस.

तुझा धाकटा

•

९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. ह्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, एका शाळेचं छत माझ्या हातून झालंय. ते म्हणाले, "तरीच."

पण मी वर्गात बसले आहे, आणि आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बुधवारी विणकामाला वेळ होता म्हणून मुंगीच्या मागच्या बाकावर बसून घेतलं. श्रुतलेखन चालू होतं. बाईंनी एक वाक्य म्हटलं. ते वर गेलं. ते खाली यायच्या आत दुसरं वर निघालं. दोघांची वाटेत गाठ पडली आणि माझ्यापर्यंत पोचलं ते कढईत वाटाणे ढवळल्यासारखं काहीतरी. त्यात छत्तीस मुलं आणि छत्तीस खुर्च्या. कुणी जरा हललं की फरशीवर खुर्ची किंचाळते, ती दगडी भिंतीला जाऊन लागते, तिथून काचेला, काचेवरून परत माझ्या डोक्यात. मुलांना एकमेकांचं ऐकू येत नाही म्हणून ती मोठ्यानं बोलतात, त्यांच्यावर बाई मोठ्यानं बोलतात, त्यांच्यावर छत बोलतं. बाईंच्या टेबलावर गरम पाण्याचा थर्मास आहे. दुपारपर्यंत त्यांचा घसा बसतो. मला स्वतःला दहापैकी चार वाक्यं कळली, आणि मी मॅट्रिक झालेली बाई आहे.

मग बाकीची पस्तीस मुलं लिहितात कशी? मी वह्या गोळा करायला मदत केली आणि चाळून पाहिल्या. पहिल्या बाकावर हिरव्या रिबिनीची एक मुलगी आहे, बाईंच्या अगदी नाकासमोर. तिला सगळं ऐकू येतं. आठवं वाक्य झाल्यावर बहुधा वेळ उरला, म्हणून तिनं शेवटी एक छोटं फूल काढलं. ते फूल पस्तीसच्या पस्तीस वह्यांत आहे. दुसऱ्या बाकावर त्याच्या पाकळ्या कमी झाल्या, चौथ्या बाकावर देठ जाड झालं, शेवटच्या बाकापर्यंत त्याचा कोबी झाला. पण आहे. पुढचा लिहितो, मागचा मान लांब करतो, असा माल मागे मागे जातो. तिच्या दोन चुकाही तशाच मागे गेल्या, म्हणून सगळ्यांना दहापैकी आठ. फूल नाही ते फक्त मुंगीच्या वहीत.

घरी येऊन मी तिला म्हटलं, तू का नाही गं बघत पुढच्याच्या वहीत? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मीच काही घाण बोलले. "तूच म्हणतेस ना, दुसऱ्याच्या वहीत बघणं म्हणजे देवाच्या डोळ्यांसमोर चोरी." मी उठले आणि उगाच पाणी प्यायले.

म्हणजे बघ, छत माझं आणि न बघण्याची शिकवणही माझी. दोन्हींच्या मधे ती पोर सापडली आहे.

मी खूप विचार केला. गाभाऱ्याला घुमणं शोभतं, कारण आपण काय म्हणणार ते देवाला आधीच पाठ असतं. शब्द अर्धा पोचला तरी तो पुरा धरून घेतो. मुलांना काहीच पाठ नसतं. त्यांच्याकडे शब्द पुरा पोचायला लागतो. हे मला चार वर्षांपूर्वी सुचलं नाही, ती चूक माझी.

उपायही मला घरातच सापडला. गेल्या वर्षी रंगकामासाठी सामान बाहेर काढलं होतं, आठवतं? रिकाम्या खोलीत हे एकदा शिंकले तर तीनदा ऐकू आलं. मग गाद्या-गोधड्या आत आणून टाकल्या आणि ह्यांच्या शिंकेची हवाच गेली. डॉक्टरांच्या खोलीतही तीच युक्ती होती. तेव्हा मागच्या दगडी भिंतीवर सहा गोधड्या, कमानीखाली आडव्या दोरीवर चार, काचेला जाड पडदा. आणि छत्तीस खुर्च्यांच्या एकशे चव्वेचाळीस पायांना लोकरीचे मोजे. मोजे मुलंच विणकामाच्या तासाला विणतील, उरलेले मी. गोधड्या शेजारणी देतात म्हणाल्या.

हेडबाई म्हणतात, समिती येऊन जाईपर्यंत वास्तुकाराच्या लेखी परवानगीशिवाय एक टाचणीही लावता येणार नाही. तुझी एक सही पाठव. परीक्षा सात तारखेला आहे.

तुझी ताई

•

१४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. नमस्कार.

गोधड्या? समितीला वाटेल कुणाचं तरी बिऱ्हाड उतरलंय आणि अंथरुणं वाळत घातली आहेत. आणि खुर्च्यांना मोजे. मी तुझं पत्र कार्यालयात उघडलं ही चूक केली. नकाशे काढणाऱ्या पोरींनी माझ्या खुर्चीला जुने रुमाल बांधून ठेवले आहेत.

बारा तारखेनंतर तू तिथे वखार उघड, मी अडवणार नाही. त्याआधी नाही. मी एकतीस वर्षं लोकांची गच्चीवरची गळती काढली आहे, ताई. या एका इमारतीसाठी कुणीतरी मला विचारायला येणार आहे.

आणि एक सांगू? ज्या खोलीत मला शब्द न् शब्द ऐकू आला, तिथे आठ वर्षांच्या मुलीला ऐकू येत नाही, हे मला पटत नाही. लक्ष नसतं मुलांचं. दुसरीत बसवलं तर काय बिघडलं, पाया पक्का होईल. परीक्षा सातला आणि समिती बाराला, याला मी काय करू?

सही पाठवत नाही. राग मानू नकोस.

तुझा धाकटा

•

१८ सप्टेंबर

मामाआजोबांना मुंगीचा नमस्कार.

आजीनं सांगितलं की आमचा वर्ग तुम्ही काढला. वर्ग छान आहे. काचेतून खार दिसते. छतावर बागेतल्या पाण्याचा उजेड पडतो तेव्हा सगळे वर बघतात.

आमच्या वर्गात बाईंचा आवाज दोनदा येतो, पण दोन्ही वेळा अर्धाच येतो. मी दोन अर्धे जोडून बघते. तोपर्यंत पुढचं वाक्य येतं. मी हट्ट करत नाही. हट्ट मी घरी करते.

मी दुसरीत गेले तर पण हाच वर्ग आहे, दुपारचा. म्हणून मला कळलं नाही की दुसरीत जाऊन काय होणार.

मी आत्तापर्यंत नऊ मोजे विणले. एक मोठा झाला, तो आजोबा चष्म्याला वापरतात.

मुंगी (इयत्ता तिसरी, सध्या)

•

१९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मुंगीचं पत्र तिनं मला न दाखवता टाकलं, त्यामुळे त्यात काय आहे मला ठाऊक नाही. माझं हे पत्र मात्र कार्यालयात उघडू नकोस.

आपल्या शाळेत दोनच खोल्या होत्या. मी तुझ्याहून दीड वर्षानं मोठी, पण माझं नाव उशिरा घातलं म्हणून आपण एकाच वर्गात. सातव्या वर्षी तुला तो मोठा ताप आला आणि उतरताना तुझा डावा कान घेऊन गेला. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, कुणाला बोलायचं नाही, पोराला नाव पडेल. मी बोलले नाही. मास्तर तुला दगड म्हणायचे. तू मास्तरांना कधी म्हणाला नाहीस की ऐकू आलं नाही. मला तरी कुठे म्हणालास? मी तुझ्या उजव्या हाताला बसायचे, पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायचे आणि पाटी तुझ्याकडे जराशी कलती धरायचे. चार वर्षं. माझी चूक तुझ्या पाटीवर जशीच्या तशी उतरायची. एकदा मी बेरजेशेजारी चिमणी काढली तर तूही काढलीस. मास्तरांनी दोघांनाही उभं केलं.

पुढे मला ते लागून राहिलं. तुला ऐकू येत नाही हे मी तेव्हाच धिटाईनं मास्तरांना सांगितलं असतं, तर तुला मान वाकडी करायची सवय लागली नसती. म्हणून मी पोराला आणि आता नातीला बजावत आले, दुसऱ्याच्या वहीत बघायचं नाही. माझ्या पापाचं प्रायश्चित्त ती करते आहे.

तुझ्या गावातला फोन चांगला आहे, धाकट्या. पोस्टातल्या बाईंनी मला सांगितलं. मला कधीपासून माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत असणार. रिकाम्या घुमणाऱ्या खोलीत तुझाच आवाज मोठा होऊन तुझ्याकडे परत आला, म्हणून तुला ती खोली आवडली. मला त्याचं वाईट वाटतं, पण वर्गात मुलं एकोणतीसचा पाढा एकट्यानं म्हणायला येत नाहीत.

सही मागत नाही. शाळा भरलेली असताना एकदा येऊन मुंगीशेजारी बस आणि श्रुतलेखन लिही. मग तुला वाटेल ते कर.

तुझ्या नकाराचं पत्र आलं तेव्हा ऐंशी मोजे झाले होते. मी विणायची थांबलेले नाही.

तुझी ताई

•

२९ सप्टेंबर

ताई,

परवा शनिवारी तुझ्या गावात येऊन गेलो. तुझ्या घरी आलो नाही, ते तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून. भावोजींना कळवू नकोस, ते काहीतरी बोलतील आणि ते बरोबर असेल.

हेडबाईंना वाटलं, समितीआधीची पाहणी असेल. मी म्हटलं, मला तिसऱ्या बाकावर बसायचंय. मुंगीशेजारी जागा करून दिली. त्या खुर्चीवर बसल्यावर माझे गुडघे कानाला लागले. आठ वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून मी माझं छत कधी पाहिलंच नव्हतं. फार लांब आहे ते.

बाईंनी वाक्यं सांगायला सुरुवात केली. पहिली तीन मी लिहिली, दुसऱ्यात एक शब्द अंदाजानं. चौथं वाक्य वर गेलं, आणि तू म्हणतेस तसं वाटाणे होऊन खाली आलं. मी उजवा कान पुढे केला. मागे कुणाची तरी खुर्ची किंचाळली. पाचवं सुरू झालं. आणि ताई, मी काही ठरवलं नव्हतं, पण माझी मान आपोआप उजवीकडे वळली. मुंगीच्या वहीकडे. पन्नास वर्षांनी, जशीच्या तशी.

मुंगीनं पंजा वहीवर ठेवला.

मी सरळ झालो. मला वाटलं, आता बाईंना सांगणार. ती माझ्या कानाशी वाकली, नेमकी उजव्या, आणि म्हणाली, "मामाआजोबा, कोरं सोडा. नाही ऐकू आलं तर कोरं सोडलं तरी चालतं."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सात वाक्यं मी कोरी सोडली. बाईंनी वही तपासली. दहापैकी तीन, खाली शेरा, "लक्ष द्यावे". ते पान फाडून सोबत पाठवतो आहे. मागच्या बाजूला परवानगी आहे, सही आणि शिक्क्यासकट. गोधड्या, पडदा, दोरी, सगळं. खिळे लागले तर मारा. फक्त कमानीत मारताना दगड तडकणार नाही असं बघा, ही एकच विनंती.

समितीला कळवलं आहे की रविवारी येऊ नका, सोमवारी तेरा तारखेला वर्ग भरलेला असताना या.

धाकटा

•

८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

परवानगी बुधवारी मिळाली. शुक्रवारी आम्ही सात बायका आणि शाळेचा शिपाई शिडी घेऊन लागलो. कमानीत एकही खिळा मारलेला नाही, दोऱ्या वरच्या झरोक्यांच्या गजांना बांधल्या. तुझ्या दगडाला ओरखडाही नाही, मी स्वतः हात फिरवून बघितलं. हे शिडी धरायला आले होते. वर बघून म्हणाले, "आता कसं माणसांनी राहावं असं वाटतंय."

शनिवारी बाईंनी वर्गात पाऊल टाकलं, "मुलांनो" म्हणाल्या आणि दचकून गप्प झाल्या. एवढ्या हळू बोललेलं शेवटच्या बाकापर्यंत गेलं होतं. संध्याकाळी थर्मास भरलेलाच घरी नेला.

काल परीक्षा झाली. मुंगीला दहापैकी नऊ. हेडबाईंनी स्वतः मला बोलावून सांगितलं, तिसरीतच राहील. वर म्हणाल्या, "शेवटी हट्ट सोडलान." मी हो म्हटलं. प्रत्येकाला सगळं समजावत बसलं तर जप कधी करायचा.

दहावं वाक्य कोरं का, म्हणशील. एकशे त्रेचाळीस मोजे झाले होते. एका पायाचा राहिला होता, आणि ती खुर्ची नेमकी तिच्या मागच्या मुलाची. दहाव्या वाक्यालाच तो हलला. बाई म्हणाल्या, पुन्हा सांगते. पण मुंगीनं तोपर्यंत वही मिटली होती. एका मोज्यापायी एक गुण गेला, याचा दोष माझ्याकडेच.

आणि हो, हिरव्या रिबिनीच्या मुलीनं या वेळीही आठव्या वाक्यानंतर फूल काढलं आहे. मी सगळ्या वह्या चाळल्या. ते तिच्या एकटीच्याच वहीत आहे.

तुझी ताई

•

२२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. नमस्कार.

समिती येऊन गेली. तिघं होते. अध्यक्ष दारातच थांबले, वर दोरीवर फुलाफुलांची गोधडी, खाली मोजे घातलेल्या खुर्च्या, आणि मला म्हणाले, "हे तात्पुरतं आहे ना?" मी म्हटलं, छत तात्पुरतं ठरेल, हे नाही. ते हसले नाहीत. दुसरे सदस्य वाकून एका मोज्याचा फोटो काढत होते. तिसऱ्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या आणि उठायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, गेल्या तीन दिवसांत आज पहिल्यांदा मला कुणाचं तरी बोलणं नीट ऐकू येतंय.

बक्षीस बसस्थानकाला मिळालं.

पत्रात लिहिलं आहे की माझ्या वर्गात मूळ कल्पनेशी तडजोड झालेली दिसते. मी उत्तर पाठवलं की मूळ कल्पना बहिणीची होती आणि तडजोडही तिचीच, मी मधल्या मधे होतो. कार्यालयातल्या पोरींनी ते पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे, तुझ्या जुन्या पत्राशेजारी. पुढच्या शाळेचं काम हातात आलं आहे. छत नऊ फुटांवर काढलं. बसून काढलं, लहान खुर्चीवर.

वाईट वाटलं का, असं विचारू नकोस. दोन दिवस वाटलं.

तुझा धाकटा

•

२७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बसस्थानकाला मिळालं ते बरंच झालं, तिथे माणसं बसचीच वाट बघतात, कुणाचं ऐकायचं नसतं.

एकशे चव्वेचाळीसावा मोजा झाला. मुंगीनं विणला. जरा तिरका आहे, पण खुर्चीला चालतो.

आता माझं एक ऐक. कानाच्या डॉक्टरांकडे शनिवारी अकराची वेळ तुझ्या नावानं घेऊन ठेवली आहे. ते म्हणतात, जुना कान परत येत नाही, पण आता कानात घालायची यंत्रं चांगली निघाली आहेत. सकाळच्या गाडीनं ये आणि या वेळी सरळ घरी ये. ह्यांना मी सगळं सांगितलं आहे. त्यांनी लगेच तुझ्यासाठी जेवणाच्या टेबलाची खुर्ची हलवून दुसऱ्या बाजूला ठेवली, तुझा उजवा कान सगळ्यांकडे येईल अशी. मोजे त्यांनीच घातले तिला.

डॉक्टरांच्या त्या खोलीत मी तुझ्या उजव्या हाताला बसेन, नेहमीसारखी. ते कानाला यंत्र लावतील आणि हातात बटण देतील. ऐकू आलं तरच दाब. नाही आलं तर सोडून दे, कुणी उभं करणार नाही.

फक्त माझ्याकडे बघू नकोस.

तुझी ताई